अकराव्या होलचा आकडा

टेकाळे सरांचा जन्म पोळ्याच्या दिवशी झाला आणि वाढदिवस एक जूनला यायचा.

मराठवाड्यात यात नवल काही नाही. कंधारच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममधले निम्म्याहून जास्त लोक एक जूनलाच जन्मलेले. शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तरांच्या मनात जी तारीख आली ती. बाकीचे लोक ती सरकारी कामापुरती वापरायचे. टेकाळे सर मात्र ती मनापासून मानायचे. त्यांची आई लातूरजवळच्या मुरुडहून लेकाकडे राहायला आलेली होती. दर पोळ्याला पुरणपोळीचं ताट त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणायची, "नागू, आज तुजा वाढदिवस हाय."

"पुरावा?" सर विचारायचे.

"आरं, बाळंत मी झाले का तुजा मास्तर?"

"बाळंत तू झालीस, आई. पण नोंद मास्तरांनी केली."

म्हातारी कपाळाला हात लावायची. सर पोळी दोन घास जास्तच खायचे, पण सणाची म्हणून. वाढदिवसाची म्हणून नव्हे.

नागोराव टेकाळे आमच्याकडे इतिहास शिकवायचे. मी भूगोल शिकवायचो आणि त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होतो. आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्यांचं बरंचसं आयुष्य माझ्या डाव्या कानाने ऐकलेलं आहे. उंची बेताची, अंगात राखाडी सफारी आणि सफारीच्या खिशात पेनाशेजारी एक भिंग. त्या भिंगातून ते विद्यार्थ्यांच्या रजेच्या अर्जावरची बापाची सही तपासायचे. अर्जात आजी वारली असं लिहिलेलं असेल तर मागच्या वर्षीचे अर्ज काढून तीच आजी आधी वारली होती का हेही बघायचे. दोन पोरं अशी सापडली. एकाची आजी तर तिसऱ्यांदा वारत होती.

"माणूस गलत बोलतो. कागद बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याला कारणही होतं. कंधारसारख्या गावात इतिहासाचा मास्तर म्हणून राहायचं म्हणजे दर आठवड्याला एक तरी म्हातारा दारात यायचा आणि किल्ल्यात धन कुठं पुरलंय ते आपल्या आज्याने डोळ्यांनी पाहिल्याचं सांगायचा. रझाकारांना एकट्याने पळवून लावणारेही पुष्कळ भेटायचे. त्यांचं वय काढलं तर त्या वेळी ते पाळण्यात असायचे. अशा लोकांमुळे सरांनी माणसांची साक्ष घेणंच बंद केलं होतं. चहा पाजायचे, सगळं ऐकून घ्यायचे, आणि तो गेल्यावर मला म्हणायचे, "एक ओळ लिहिलेली नाही याच्याजवळ. काय करून राहिलाय हा म्हातारा!"

कागदावरची ही श्रद्धा कधीकधी हाताबाहेर जायची. एकदा त्यांना प्राचार्यांकडे दोन दिवसांची रजा मागायची होती. प्राचार्यांची खोली आमच्या स्टाफरूमला लागून, मध्ये एक भिंत. सर पोस्टात गेले आणि त्यांनी अर्ज पोचपावतीसह रजिस्टर्ड डाकेने पाठवला. पोस्टमन तिसऱ्या दिवशी आला. प्राचार्यांनी सही करून पाकीट घेतलं, फोडलं, आणि भिंतीपलीकडून ओरडले, "टेकाळे, तुमची रजा काल संपली की हो!"

"हो सर," इकडून उत्तर गेलं. "पण मागितली होती, याचा पुरावा राहिला ना."

असा माणूस गोल्फच्या नादाला कसा लागला, हे सांगतो.

नांदेडला स्थायिक झालेले एक लष्करी अधिकारी वारले आणि त्यांच्या मुलीने वडिलांची पुस्तकं आमच्या कॉलेजला दिली. तीन ट्रंका आल्या. सर ग्रंथालय समितीचे प्रमुख. चांगली पुस्तकं कपाटात गेली, नकाशे मी घेतले, आणि खाली उरल्या त्या एका गोल्फ स्पर्धेच्या स्मरणिका. एका मोठ्या शहरातल्या क्लबवर दर वर्षी भरणारी ही पुरुष व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा. शहराचं आणि क्लबचं नाव मी लिहीत नाही. सरही बोलताना फक्त 'स्पर्धास्थळ' म्हणायचे. शिपाई त्या स्मरणिका रद्दीत टाकणार तेवढ्यात सरांनी एक उघडली. खेळाडूंच्या यादीत एक नाव होतं, 'एल. मुरुडकर'.

सर मूळचे मुरुडचे. त्यांनी भिंग काढलं.

"मुरुडचा माणूस गोल्फ खेळायला गेला?" मी म्हटलं. "कोकणात पण एक मुरुड आहे, सर."

"ते बघू," म्हणत त्यांनी ट्रंक घरी नेली. त्या वर्षी आमचे चार प्राध्यापक कंधारच्या किल्ल्यावर पीएच.डी. करत होते. सर म्हणाले, "किल्ल्यावर आता पाय ठेवायला जागा नाही. मी हे घेतो."

पुढची अकरा वर्षं त्यांनी त्या स्पर्धेचा इतिहास लिहिला. देवगिरीच्या यादवांना शोभावी अशी प्रकरणं पाडली. पूर्वपीठिका, उदयकाळ, सुवर्णयुग. तीनदा जिंकलेल्या एका खेळाडूला त्यांनी 'घराणं' म्हटलं. पहिल्या वर्षी स्पर्धेला मूठभर खेळाडू होते आणि बघायला त्याहून कमी लोक. एका दुष्काळी साली मैदानावर गवतच उगवलं नाही, तरी खेळ झाला आणि चेंडू वाटाण्यासारखे टणाटण उडाले. एका साली दोघांची बरोबरी झाली आणि सूर्य मावळेपर्यंत निकाल लागेना. हे सगळं ते मधल्या सुट्टीत आम्हांला सांगायचे.

"यात कमी फटके मारणारा जिंकतो," त्यांनी पहिल्या दिवशी समजावलं.

"मंग जो मैदानावर आलाच न्हाई तो पहिला यायला पाहिजे," आमचे क्रीडाशिक्षक म्हणाले. सर त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

त्यांना सगळ्यांत गंमत वाटायची ती एका गोष्टीची. सुरुवातीच्या काळात गोल्फचे 'व्यावसायिक' म्हणजे बहुतेक साहेबांच्या पिशव्या वाहणारी माणसं. पिशवी वाहता वाहता खेळ शिकलेली. साहेब हौशी आणि त्यांचे हमाल व्यावसायिक! "उलटं राज्य आहे," सर म्हणायचे. हा मुरुडकर त्यांतलाच एक. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून शहरात गेलेला असणार, क्लबवर पिशव्या उचलायला लागला असणार, असा त्यांचा अंदाज. पण मुरुडला त्यांनी चौकशी केली तेव्हा या आडनावाचं एकही घर सापडलं नाही. सापडणार कसं? मुरुडात राहून कुणी स्वतःला मुरुडकर म्हणवून घेत नाही. सरांनी तो माणूस वारला असं धरून टाकलं आणि निश्चिंत मनाने कागदांकडे वळले. मेलेली माणसं त्यांना बरी वाटायची. ती मधे बोलत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ज्या वर्षी हा मुरुडकर तिसरा आला, त्या वर्षीचं त्याचं गुणपत्रक क्लबच्या कपाटात होतं. त्याची छायाप्रत मिळवायला सरांना चार वर्षं आणि सतरा रजिस्टर्ड पत्रं लागली. गोल्फमध्ये प्रत्येकाचे फटके त्याच्याबरोबर खेळणारा लिहितो. खेळणाऱ्याने शेवटी बघून सही करायची. एकदा सही झाली की खेळ खलास. चुकून जास्त आकडा लिहिला गेला असेल तरी तोच धरतात. मुरुडकरच्या पत्रकावर अठरा होलचे, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा भोकांचे, अठरा आकडे होते, सगळे इंग्रजी. अकराव्या होलवर आठ होता.

सरांनी त्या आठावर भिंग धरलं आणि मला हाक मारली. आठ वरून उघडा होता.

"बघा," ते मला म्हणाले. "हा इंग्रजी आठ आहे का मराठी चार?"

मी बघितलं. घाईत लिहिलेला, खाली गाठ, वरती दोन शिंगं. चक्क आपला ४.

लिहिणारा खेळाडूही मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेला. उन्हात सतरा आकडे इंग्रजीत काढताना एकदा हात सवयीवर गेला, आणि हिशेब करणाऱ्या साहेबांनी चाराचे आठ वाचले. मुरुडकर तीन फटक्यांनी मागे पडून तिसरा आला होता. चार फटके वजा केले तर तो एका फटक्याने पहिला! तो होल सगळ्यांना चार-पाच फटक्यांत गेला होता. मुरुडकरने अख्ख्या स्पर्धेत दुसरीकडे कुठेही आठ घेतले नव्हते. सरांनी याच्यावर साठ पानांचा निबंध लिहिला, प्रत्येक पानावर सही केली आणि रजिस्टर्ड डाकेने पाठवला.

आम्हांला वाटलं, क्लबवाले हसतील. पण स्पर्धेचं मोठं वर्ष जवळ आलं होतं आणि त्यांना नवी स्मरणिका काढायची होती. पिशव्या उचलणारा गरीब माणूस, हुकलेलं विजेतेपद, उशिरा मिळालेला न्याय, असं काही तरी त्यांना हवंच होतं. क्लबचे सचिव दातार साहेब यांचं पत्र आलं. समितीला मुद्दा पटला आहे, आपण येऊन मूळ पत्रक डोळ्यांखाली घालावं.

सर मला घेऊन गेले. दातार साहेब गोरेपान, मृदू बोलणारे, मराठी अगदी पुस्तकातली. त्यांनी कपाट उघडलं, मूळ पत्रक टेबलावर ठेवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरले. सर खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच वाकून दहा मिनिटं बघत राहिले, मग मान वर करून म्हणाले, "चार."

"चार," दातार साहेब हसून म्हणाले. "जुन्या विजेत्याचं नाव काढता येत नाही, म्हणून आम्ही त्यांना संयुक्त विजेते जाहीर करतोय. मैदान बघायचंय का तुम्हांला?"

"नको," सर म्हणाले. "मैदान म्हणजे पुरावा नव्हे."

मी मात्र बघून आलो. भूगोलाचा माणूस, पायांना चैन नाही. हिरवंगार गवत, चिंचेची झाडं. अकराव्या होलपाशी गेलो तर समोर आडवा ओढा, चांगला पाण्याने भरलेला. परत येऊन मी सरांना सांगितलं, "सर, तिथं ओढा आहे. चेंडू पाण्यात जाऊ शकतो."

"पत्रकावर ओढा कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

लातूर-नांदेडच्या पेपरांत बातमी आली. 'मुरुडचा विस्मृत विजेता'. भिंग धरलेल्या सरांचा फोटो सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. भोकरच्या एका शिक्षकाने तर त्यांच्यावर पोवाडा रचला. लातूरला मोठं सभागृह ठरलं, दातार साहेब सन्मानचिन्ह घेऊन येणार होते. सन्मान कुणाचा करायचा, हा मात्र प्रश्न होता. मुरुडकर तर वारलेला. चिन्ह सरांच्याच हाती द्यावं असं ठरत होतं, तेवढ्यात सरांना एका बाईचा फोन आला.

"सर, ते पेपरातले मुरुडकर म्हंजी आमचे मामंजी हायेत. लिंबाजी गायकवाड. तिकडं समदे त्यांना मुरुडकर म्हनायचे. पायानं जरा अधू झालेत, पर हायेत."

सरांनी फोन खाली ठेवला, भिंग काढलं आणि रुमालाने पुसत बसले. मला वाटलं, आनंद झाला. आज वाटतं, ती भीती असावी.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी आम्ही दोघं मुरुडच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीवर गेलो. लिंबाजी लिंबाखाली बाजेवर बसलेले. सडपातळ, डोक्याला पटका, मनगटं मात्र पैलवानाची. सून चहा ठेवायला गेली. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा पुराव्याशी हात मिळवला.

"लिंबाजीराव, तुमच्यावर फार मोठा अन्याय झाला होता," सरांनी सुरुवात केली आणि ४ आणि ८ चं सगळं समजावून सांगितलं. वीस मिनिटं. म्हातारा मान डोलवत ऐकत होता. शेवटी सरांनी छायाप्रत पुढे केली.

लिंबाजींनी ती लांब धरली, जवळ धरली, आणि परत दिली.

"सर, आठच हायेत ते."

"नाही, बघा ना, वरून उघडा..."

"आकडा कसा हाय ते तुमी बघा. म्या मारले आठ." त्यांनी पंजा उघडला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले. "पयला फटका बराबर. दुसरा वढ्यात. त्याचा दंड एक, तीन झाले. चौथा फिरून वढ्यात. दंड, पाच. सहावा पल्याड गेला. मंग हळूच सात, आन आठव्याला भोकात." अंगठा आठव्या पेरावर थांबला. "लई वाईट होल व्हता त्यो."

बाजेखाली एक कोंबडी माती उकरत होती.

"मग... तुम्ही कधी कुणाला हे सांगितलं नाही?" सरांनी विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई."

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "लातूरला हॉल घेतलाय त्यांनी. गावात बॅनर लागलेत."

लिंबाजींनी सरांकडे बघितलं. त्यात काही टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "तुमी म्हनत असाल तर चार म्हनतो, सर. तुमी शिकलेले. माजं काय जातंय? ज्यानं लिवलं त्यो ग्येला, जिकला त्यो बी ग्येला. तुमीच सांगा काय म्हनू."

सर चहा अर्धा टाकून उठले. त्यांना अर्धा चहा टाकताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

लातूरच्या बसस्टँडवर नांदेडची गाडी लागायला वेळ होता. सर बाकावर बसले, मांडीवर ती साठ पानं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते माणसांच्या गर्दीत आहेत असं वाटलं.

"तुम्ही ओढा म्हणाला होतात," ते म्हणाले.

"हो."

"मी ऐकलं नाही."

सरांनी मांडीवरची पानं सारखी केली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "दर पोळ्याला माझी आई खोटं बोलायची असं वाटतं का हो तुम्हांला?"

म्हातारीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. गाडी लागली आणि आम्ही उठलो.

गावच्या सरपंचाला ही बातमी सुनेकडून कळली असावी. दुसऱ्या दिवशी तो थेट कंधारला आला. "सर, चार म्हणा की. कुणाचं नुकसान हाय? म्हातारं दोन वर्षांचं सोबती. एक हार गळ्यात पडू द्या." सर म्हणाले, विचार करतो. सरांच्या घरी वहिनींनी मात्र विचार करायला वेळ ठेवला नाही. "ज्यानं मारले त्याला ठाऊक," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तुम्ही मोजायला गेला होता का?"

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर दातार साहेब, सरपंच, मधे लिंबाजी नव्या धोतरात अवघडून बसलेले. मी पहिल्या रांगेत. सरांनी निबंध वाचायचा होता. ते माइकपाशी आले, पानं समोर ठेवली, आणि पालथी केली.

"मी अकरा वर्षं एका आकड्याचा अभ्यास केला," ते म्हणाले. "तो चार आहे असं मी सिद्ध केलं. परवा मी श्री. लिंबाजी गायकवाड यांना भेटलो. ते म्हणतात, आठ. म्हणून तो आठ आहे. ते त्या वर्षी तिसरे आले. माझा निबंध मी मागे घेतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मागून कुणी तरी टाळ्या वाजवल्या, कारण 'श्री. लिंबाजी गायकवाड' एवढंच त्याला ऐकू आलं होतं. सरपंचाचा चेहरा उतरला. दातार साहेब खुर्चीतल्या खुर्चीत पुढे झुकले आणि खालच्या आवाजात, पण माइकमध्ये स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाले, "टेकाळे सर, याला पुरावा काय?"

सरांनी वळून लिंबाजींकडे बघितलं.

"ते सांगतात," सर म्हणाले.

"तेवढंच?"

"तेवढंच."

मी सरांच्या शेजारी बावीस वर्षं बसलो. पण 'ते सांगतात' या दोन शब्दांसाठी त्यांना किती ताकद लागली असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. कपाळ घामाने डबडबलं होतं. लिंबाजी मात्र एकदम मोकळे झाल्यासारखे हसले आणि माइककडे तोंड करून म्हणाले, "वढ्यानं हरवलं मला. मानसानं न्हाई." या वेळी टाळ्या खऱ्या वाजल्या. सरपंचानेही शेवटी वाजवल्या. हार तर आणलेलाच होता. तो त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या गळ्यात घातला.

एखाद्या चांगल्या गोष्टीत हे इथे संपलं असतं. पण महिन्याभराने क्लबचं पत्र आलं. समितीने संयुक्त विजेत्याचा निर्णय श्री. टेकाळे यांच्या स्वाक्षरीच्या निबंधावरून घेतला आहे. निबंध अभ्यासपूर्ण असून प्रत्येक पानावर त्यांची सही आहे. स्मरणिका छापून झाली आहे आणि फलकावर नावही सोनेरी अक्षरांत लिहून झालं आहे. तोंडी माहितीच्या आधारे नोंदीत बदल करण्याची क्लबची प्रथा नाही.

सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं. मी वाचून त्यांच्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. इतके हसलो की क्रीडाशिक्षक दारातून डोकावून गेले.

"सही झाली की खलास," डोळे पुसत सर म्हणाले. मग लगेच गंभीर झाले. "पण जो खरा जिंकला त्याचं अर्धं बक्षीस मी कापलं हो. मेलेल्या माणसाचं."

तेव्हापासून ते दर वर्षी स्पर्धेच्या आधी क्लबला एक रजिस्टर्ड पत्र पाठवू लागले. विषय : स्वतःच्याच निबंधाविरुद्ध हरकत. क्लबही दर वर्षी नम्रपणे कळवायचा, की आपल्या अमूल्य संशोधनाबद्दल आम्ही ऋणी आहोत.

पुढे सर निवृत्त झाले, माझी बदली नांदेडच्या कॉलेजात झाली, आणि भेटी कमी होत गेल्या. दोन वर्षांपूर्वी सर गेले. निरोप मिळाला तेव्हा मी गावाबाहेर होतो, पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन हे त्याच्या आदल्या दिवाळीनंतरचं.

लातूरला एका लग्नाला चाललो होतो. वहिनींकडून कळलं होतं, की सर हल्ली दर शनिवारी मुरुडला जातात. म्हणून वाट वाकडी करून लिंबाजींच्या वस्तीवर गेलो. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं. बांधाच्या कडेला गवताचा एक पट्टा लिंबाजींनी विळ्याने कापून सपाट केला होता. त्यावर टेकाळे सर पाय फाकवून उभे. हातात गोल्फची जुनी, मुठीला चिंध्या गुंडाळलेली काठी. समोर पिवळा पडलेला चेंडू. लिंबाजी बाज उन्हात ओढून बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नजर चेंडूवर," ते सरांना म्हणाले. "खांदं ढिलं सोडा. आन घाई करू नगा."

सरांनी काठी उगारली, थोडा वेळ वर तशीच धरली, आणि जिवाच्या आकांताने मारली. काठी सुईं करत हवेतून गेली. सर स्वतः अर्धे फिरले. चेंडू जागच्या जागी.

"झाला एक," लिंबाजी म्हणाले.

"अहो, लागलाच नाही की तो!"

"मारायचा व्हता का न्हाई मनात?"

सर चेंडूकडे बघत राहिले. चष्मा घामाने खाली घसरला होता, तो त्यांनी बोटाने वर ढकलला.

"होता," ते म्हणाले.

"मंग एक."

सरांनी मान डोलवली. "एक," ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, आणि पाय पुन्हा फाकवून उभे राहिले.